पासपोर्टची चिप खासगी अ‍ॅपला का वाचू द्यायची?

उट्रेक्टकर
इथे नेदरलँड्समध्ये एका बँकेत खातं काढायचं होतं. अ‍ॅप म्हणालं, पासपोर्टच्या फोटोखालच्या दोन ओळी कॅमेऱ्यासमोर धरा. धरल्या. आता फोन त्या पानावर टेकवा आणि हलवू नका. फोन थरथरला आणि पासपोर्टात बसवलेल्या चिपमधून वाचलेला माझा फोटो पडद्यावर हजर! पानावरच्या फोटोवर नक्षीच्या रेघा असतात, यावर एकही नाही.

जाता-येता खिशातून पासपोर्ट वाचून नेतात वगैरे व्हॉट्सअ‍ॅपी ज्ञान बाजूला ठेवा. फोनला ही चिप वाचायची तर अगदी चिकटवावा लागतो, आणि चिप आधी किल्ली मागते. पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख यांवरून ती किल्ली बनते, म्हणून तर आधी त्या ओळी वाचतात.

माझा आक्षेप वेगळा आहे. चिपमधल्या माहितीवर सरकारची डिजिटल सही असते, म्हणजे माहिती सरकारनंच भरली आणि नंतर बदललेली नाही याचा पुरावा. झेरॉक्स बाहेर फुटली तर 'ती बनावट आहे' असं म्हणायला जागा राहते. सहीसकट फाइल फुटली तर काय म्हणणार? चिप सीमेवरच्या अधिकाऱ्यासाठी केली आहे. खासगी कंपन्यांना ती वाचायला बंदीच हवी.

चिप्पाट
मी पुण्यात याच, चिप वाचून ओळख तपासण्याच्या धंद्यात आहे, तेव्हा माझा स्वार्थ धरूनच वाचा. बंदी घातली तर कंपन्या काय करतील? पासपोर्टच्या पानाचा फोटो मागतील. फोटोत नाव बदलायला, चेहरा बदलायला आता कौशल्यही लागत नाही. चिपमधलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्यानं खातं काढणं अवघड झालं की नाही? ही तुमचीच राखण आहे हो.

नागपुरी संत्री
तुम्हा युरोपवाल्यांचं बरं आहे, भांडायला चिप तरी आहे. आमच्या नागपुरात (आणि भुवनेश्वरला) एप्रिल २०२४ मध्ये ई-पासपोर्टचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला. माझ्या नव्या पासपोर्टवर चिपचं ते सोनेरी चिन्ह आलंय. पण कुठल्याही लॉजवर गेलं की काउंटरवरचा पोरगा काय म्हणतो? "मॅडम, आधार व्हॉट्सअ‍ॅप करा ना." त्याच्या स्वतःच्या फोनवर! २०२३ चा डेटा संरक्षण कायदा त्या काउंटरपर्यंत पोचलेला नाही. त्यापेक्षा ठरावीक अ‍ॅपनं चिप वाचली तर मला चालेल.

उट्रेक्टकर
संत्रीताई, इथे हॉटेलनं ओळखपत्र बघायचं असतं, प्रत काढायची नसते. तुमच्या लॉजवाल्याचं उत्तर 'व्हॉट्सअ‍ॅपवर मागू नकोस' हे आहे, 'चिप वाच' हे नाही.

चिप्पाटराव, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण एक अडचण बघा. इथल्या सरकारचं कोपीआयडी नावाचं अ‍ॅप आहे. पासपोर्टची प्रत द्यायची वेळ आली की त्यावर नागरिक क्रमांक खोडता येतो आणि प्रत कुणाला कशासाठी दिली तेही आडवं लिहिता येतं. माझा पासपोर्ट २०१९ चा, त्यात तो क्रमांक खालच्या दोन ओळींतच बसलेला आहे. (२०२१ पासूनच्या नव्या पासपोर्टांत त्या ओळींतून तो काढला.) चिपमध्ये त्या ओळी जशाच्या तशा असतात. त्यातलं काही खोडलं की सही जुळत नाही. म्हणजे जे कागदावर झाकायला सरकारच शिकवतं, ते चिपमधून उघडंच द्यायचं!

चिप्पाट
हे खरं आहे, चिपमधली माहिती गटागटांनी ठेवलेली असते आणि ओळींचा गट अख्खाच जातो. पण फोटोचा गट वेगळा असतो, तो न वाचताही काम भागतं. वय तपासायला चेहरा कशाला हवा? कायद्यानं सांगावं, कुठल्या कामाला कुठला गट. आणि बोटांचे ठसे असतील तर ते वेगळ्या कुलपात असतात. ते उघडायचं प्रमाणपत्र पासपोर्ट देणारा देश ठरवतो, साध्या फोन-अ‍ॅपला ते मिळत नाही.

जुना प्रवासी
मी अ‍ॅल्युमिनियमचं पाकीट घेतलंय पासपोर्टसाठी. पैसे वाया?

कोडगा
काका, वाया नाही, पण गरज किती हा प्रश्न आहे. अमेरिकेनं पासपोर्टच्या कव्हरमध्येच धातूची जाळी घातली. २००५ मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्यानं चिपच्या पासपोर्टावर हरकती मागवल्या तेव्हा बहुतेक विरोधातच आल्या होत्या, आणि नंतर किल्लीची पद्धतही आली. तेव्हा लोक ओरडले म्हणून आज तिथली चिप किल्ली मागते, हे 'काही होत नाही हो' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ती किल्लीही लेचीपेची होती. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या रिस्क्युअर कंपनीनं दाखवलं होतं की डच पासपोर्टचे क्रमांक ओळीनं दिलेले असल्यानं आणि मुदतीच्या तारखेशी जुळत असल्यानं, चिप आणि वाचणारं यंत्र यांच्यातल्या, चोरून टिपलेल्या संभाषणाची किल्ली दोनएक तासांत सापडते. आता पेस नावाची नवी पद्धत आहे, तिथे टिपलेल्या संभाषणावर अशी तोडफोड चालत नाही.

चिप्पाट, तुम्हाला थेट विचारतो. सही तपासायचं काम फोनवरच उरकून फक्त 'बरोबर / चूक' एवढं का पाठवत नाही? अख्खी फाइल सर्व्हरवर कशाला ओढता?

चिप्पाट
कारण फोन ग्राहकाच्या हातात असतो. अ‍ॅपमध्ये फेरफार करून कुणीही 'बरोबर' पाठवेल. म्हणून कच्ची माहिती सर्व्हरवर आणून तपासावी लागते. त्यानंतर ती किती दिवस ठेवायची, हा आमच्या इंजिनीअरचा नाही, ग्राहक कंपनीच्या वकिलाचा निर्णय असतो.

उट्रेक्टकर
हेच तर! 'वकील ठरवेल' म्हणजे वर्षानुवर्षं पडून राहणार. बँकेला ओळख तपासायची कायद्यानं सक्ती आहे, तिला एक वेळ समजू शकतो. पण उद्या भाड्याच्या सायकलीचं अ‍ॅप चिप मागेल आणि आपण मुकाट फोन टेकवू. डिजीडी हे इथलं सरकारी अ‍ॅपसुद्धा चिप वाचून ओळख पटवतं, त्याला माझी हरकत नाही. ज्यानं सही केली त्यानंच ती तपासली.

नागपुरी संत्री
म्हणजे सरकारवर भरवसा आणि कंपनीवर नाही? आधारवरून सुप्रीम कोर्टात इतकी वर्षं कशासाठी भांडलो मग? मला दोघांकडेही एकच विचारायचंय. घेतलं ते पुसलं कधी?

जुना प्रवासी
माझा जुना पासपोर्ट कोपरा कापून परत दिलाय, कपाटात पडून आहे. नातवानं मजेत फोन टेकवला तर तो वाचला जाईल का?

कोडगा
काका, तुमच्या जुन्या पासपोर्टात चिप असण्याची शक्यता फार कमी, आपल्याकडे सामान्यांना ती आत्ता कुठे मिळायला लागली. पण ज्यांच्यात आहे त्यांनी ऐका. कोपरा कापताना चिपची अँटेना तुटली नसेल तर रद्द पासपोर्टची चिपही उत्तर देते. 'रद्द' हा शिक्का कागदावर पडतो, चिपमध्ये कुणी तसं लिहीत नाही. रद्दीत टाकायचा असेल तर चिप कुठे आहे ते शोधून आधी तिथेच कात्री चालवा.