नोड ओढला की मागचा कॅनव्हासही सरकतो: ड्रॅग आणि झूमचे इव्हेंट कोणी सांभाळायचे?

जाळंवाला:
नोड आणि रेषांची आकृती दाखवणारी छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी लिहितोय. मुळाशी एसव्हीजी (वेक्टर चित्राचा घटक), त्यात एक 'जी' गट, पॅन-झूमचा (सरकवणं आणि लहान-मोठं करणं) ट्रान्सफॉर्म त्या गटावर आणि नोड गटाच्या आत. ड्रॅग मॉड्यूल प्रत्येक नोडवर पॉइंटरडाउन (बटण दाबलं किंवा बोट टेकलं की येणारा इव्हेंट) ऐकतं, झूम मॉड्यूल एसव्हीजीवर. नोड ओढला की दोन्ही जागी होतात. झूम २ पट असेल तर नोड कर्सरच्या दुप्पट धावतो. मोबाइलवर चार-पाच पिक्सेल सरकून ड्रॅग अचानक मरतो, एररही येत नाही. नोडमध्ये स्टॉप-प्रोपगेशन (इव्हेंट वरच्या घटकांकडे जाऊ न देणं) टाकून मोकळं व्हावं का? डी३ ही आकृत्यांची जावास्क्रिप्ट लायब्ररी हे कसं करते?

टिंबरेघ:
डी३ नेमकं तेच करतं, त्याहून एक पाऊल पुढे. डी३-ड्रॅगने माउसडाउन किंवा टचस्टार्ट स्वीकारला की स्टॉप-इमिजिएट-प्रोपगेशन होतं (त्याच घटकावरचे पुढचे श्रोतेही थांबतात), त्यामुळे वरच्या एसव्हीजीवर बसलेल्या झूमला काही कळतच नाही. स्वीकारायचं की नाही हे फिल्टर ठरवतं: मूळ फिल्टर कंट्रोल दाबलेला क्लिक आणि उजवं बटण नाकारतो. नाकारलेला इव्हेंट मात्र वर जाऊ देतात. हा भाग बरेच जण विसरतात.

दुप्पट धावण्याचं कारण वेगळं आहे. तुम्ही बहुतेक मूव्हमेंट-एक्स (कर्सर किती सरकला तो आकडा) थेट नोडच्या स्थानात मिळवताय. तो आकडा स्क्रीनचा, नोडचं स्थान गटाच्या आतलं. त्याला 'के'ने, म्हणजे झूमच्या पटीने, भागलं तरी चालेल, पण फरक साठवत जाण्यापेक्षा दर वेळी मुळापासून काढा: गटातला बिंदू = (पॉइंटर − सरकवणी) ÷ के. सरकवणी म्हणजे पॅनमुळे गट जितका सरकला आहे ते अंतर. यातला पॉइंटर एसव्हीजीच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून मोजा, पानापासून नाही. ड्रॅग सुरू होताना हा बिंदू आणि नोडचं केंद्र यांतलं अंतर एकदाच टिपून ठेवा, पुढे तेच वजा करा. नाहीतर नोड कडेला धरला तरी पहिल्याच हालचालीत त्याचं केंद्र कर्सरखाली उडी मारतं.

याचा एक फुकटचा फायदा: नोड धरलेला असताना कोणी चाक फिरवलं आणि झूम कर्सरभोवती होत असेल, तर कर्सरखालचा गटातला बिंदू बदलत नाही. नोड हातातून सुटत नाही. अधिक-उणेच्या बटणाने किंवा कीबोर्डने मध्याभोवती झूम केलात तर मात्र शेवटची पॉइंटर जागा घेऊन स्थान पुन्हा काढावं लागेल.

कडेकोट:
प्रोपगेशन थांबवण्याला माझा विरोध. पानावरचा कुठलाही मेन्यू 'बाहेर माउसडाउन झालं की मिटायचं' या तत्त्वावर चालत असेल तर नोडवर क्लिक केल्यावर तो उघडाच राहतो. डी३ वापरणाऱ्यांची ही जुनीच कटकट. मेन्यूने कॅप्चर टप्प्यात (इव्हेंट वरून खाली नोडकडे येत असतानाच) ऐकलं तर सुटते, पण लायब्ररीने दुसऱ्याच्या कोडला वळसा घालायला का लावावं?

त्याऐवजी एसव्हीजीवर एकच ऐकणारा ठेवा आणि जेश्चरचा मालक एकाच ठिकाणी ठरवा. पॉइंटरडाउनला टार्गेटवरून 'क्लोजेस्ट'ने (वर चढत जुळणारा पहिला घटक देणारं फंक्शन) नोड शोधा. सापडला तर मालक ड्रॅग, नाही तर पॅन. सोडेपर्यंत मालक बदलायचा नाही. अपवाद एकच: दुसरं बोट टेकलं तर ड्रॅग रद्द करून पिंच सुरू. पॉइंटर-आयडीनुसार सगळी बोटं एका मॅपमध्ये ठेवा. पिंचमधून एक बोट उचललं की उरलेल्या बोटाची जागा नव्याने आधार म्हणून घ्या, नाहीतर चित्र एकदम उसळतं.

मोबाइलवर ड्रॅग मरतो तो टच-ॲक्शनमुळे (स्पर्शाने ब्राउझरने स्वतः काय करायचं हे सांगणारा सीएसएस गुणधर्म). ती 'ऑटो' असली की ब्राउझर काही पिक्सेल वाट बघतो, हे स्क्रोल आहे असं ठरवतो आणि तुम्हाला पॉइंटरकॅन्सल (जेश्चर रद्द झाल्याचा इव्हेंट) पाठवतो. तुम्ही तो ऐकत नसणार, म्हणून एररही नाही. एसव्हीजीला सीएसएसमध्ये टच-ॲक्शन 'नन' द्या. पॉइंटरडाउनमध्ये प्रिव्हेंट-डीफॉल्ट (ब्राउझरची ठरलेली कृती रोखणं) केल्याने स्क्रोल थांबत नाही. बोट टेकल्यावर टच-ॲक्शन बदलण्याचाही त्या जेश्चरवर परिणाम होत नाही. पण आकृतीने फोनचा अख्खा स्क्रीन व्यापला तर 'नन'मुळे वाचणारा पानात अडकतो. फक्त आडवं सरकणाऱ्या आलेखाला 'पॅन-वाय' पुरतं.

पॉइंटर कॅप्चर (पुढचे सगळे पॉइंटर इव्हेंट एकाच घटकाकडे वळवणं) लगेच घेऊ नका. एसव्हीजीवर कॅप्चर घेतलं की नंतरचा क्लिकही एसव्हीजीच्याच नावावर येतो, नोडचा क्लिक हरवतो. ३-४ पिक्सेल हालचाल झाल्यावरच घ्या. त्याआधी सोडलं तर तो क्लिक.

चाकोरी:
चाकाबद्दल कोणी नीट बोललं नाही आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

व्हील ऐकताना पॅसिव्ह 'फॉल्स' स्पष्ट लिहा; पॅसिव्ह श्रोत्याला ब्राउझरचं स्क्रोल रोखता येत नाही. क्रोमने ७३ या आवृत्तीपासून विंडो, डॉक्युमेंट आणि बॉडीवरचे व्हील-श्रोते आपोआप पॅसिव्ह केले. रिॲक्टचा ऑन-व्हीलही पॅसिव्ह असतो, तिथे प्रिव्हेंट-डीफॉल्ट निष्फळ. रेफ (खऱ्या घटकाचा संदर्भ) घेऊन ॲड-इव्हेंट-लिसनरने जोडावं लागतं.

पट काढताना बेरीज-वजाबाकी नको, घातांक वापरा: नवा के = जुना के × २^(−डेल्टा-वाय × ०.००२). डेल्टा-वाय म्हणजे चाक किती फिरलं तो आकडा, डेल्टा-मोड त्याचं एकक. ०.००२ हा डी३-झूमचा पिक्सेलसाठीचा आकडा. डेल्टा-मोड १ असेल, म्हणजे ओळींत मोजत असेल, तर ०.०५. एका खाचेला १०० आले तर सुमारे १.१५ पट होतं, आणि तितकंच उलट फिरवलं की बरोबर मूळ जागी येतं. ट्रॅकपॅडवरचा पिंच क्रोम-फायरफॉक्समध्ये कंट्रोल-की खरी असलेला व्हील म्हणून येतो आणि त्याचे आकडे बारीक असतात, म्हणून डी३ तिथे १० ने गुणतं. मॅकवरच्या सफारीत तो जेश्चर-चेंज या वेगळ्या इव्हेंटने येतो.

क्रम महत्त्वाचा. आधी के मर्यादेत बसवा, मग सरकवणी काढा: नवी सरकवणी = पॉइंटर − (पॉइंटर − जुनी सरकवणी) × नवा के ÷ जुना के. उलट केलं तर कमाल झूमवर चाक फिरवताना चित्र मोठं होत नाही, नुसतं कडेला घसरत जातं.

व्हीलला 'संपलं' असा इव्हेंट नाही. डी३ १५० मिलिसेकंद शांतता पाहून 'एंड' देतं, तुम्हीही टायमरच लावा.

जाळंवाला:
मालक एकाच ठिकाणी ठरवल्यावर तिन्ही गोष्टी सुटल्या. ड्रॅग 'एंड' आणि 'कॅन्सल' वेगळे द्यावेत का? आणि दोन आकृत्यांचा झूम एकमेकांना जोडला की अनंत फेरा सुरू होतोय.

कडेकोट:
वेगळे द्या. 'कॅन्सल'ला नोड जुन्या जागी न्यायचा की नाही हे वापरणाऱ्याला ठरवू दे. फेऱ्यासाठी प्रत्येक झूम इव्हेंटसोबत मूळ ब्राउझर इव्हेंट पाठवा. कोडने केलेल्या झूममध्ये तो रिकामा असतो, आणि रिकामा असेल तर दुसऱ्या आकृतीला कळवायचं नाही.