निपाणीहून एम. ए. : राणी चन्नम्मा विद्यापीठ की शिवाजी विद्यापीठ?

निपाणीकर

नमस्कार. माझी धाकटी बहीण यंदा निपाणीतील एका महाविद्यालयातून बी. ए. झाली. ते महाविद्यालय राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे तिची पदवी बेळगावच्या विद्यापीठाची आहे. तिच्या शाळेतल्या काही मैत्रिणी मात्र अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात गेल्या आणि त्यांना शिवाजी विद्यापीठाची पदवी मिळाली. दोन्ही महाविद्यालये एकाच गावची म्हणावीत इतकी जवळ आहेत. मधून राज्याची हद्द गेली आहे, एवढेच.

आता तिला एम. ए. करायचे आहे. विषय मराठी घ्यावा की इतिहास, हे अजून ठरलेले नाही. काका म्हणतात कोल्हापूरला पाठवा, ते जवळ आहे आणि विद्यापीठ जुने, नावाजलेले आहे. आई म्हणते बेळगावच बरे, कारण आपले सगळे दाखले इकडचे. आई विडी कामगार आहे, तेव्हा खर्चाचा विचार टाळता येत नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठ मुळात कसे उभे राहिले, त्याचा धारवाडशी काय संबंध, वर्ग नेमके कोठे भरतात आणि वसतिगृह, ग्रंथालय, प्रवास यांची सोय कशी आहे, हे जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आम्हाला निर्णय घेणे सोपे जाईल.

निवृत्त प्राध्यापक, बेळगाव

आपल्या काकांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. विद्यापीठ म्हणून राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चे, म्हणजे वयाने लहान. पण त्याच्या हाती आलेली महाविद्यालये त्याहून कितीतरी जुनी आहेत. बेळगावचे लिंगराज महाविद्यालय १९३३ चे आणि राणी पार्वती देवी महाविद्यालय १९४५ चे. ही दोन्ही सुरू झाली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता आणि पदवी मुंबई विद्यापीठाची मिळत असे. पुढे मुंबई विद्यापीठावरील भार कमी करून प्रांतवार विद्यापीठे काढण्याचे धोरण आले आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ व कर्नाटक विद्यापीठ ही दोन्ही मुंबई राज्याच्याच कायद्यांनी अस्तित्वात आली. कर्नाटक विद्यापीठाचे कामकाज आरंभी मुंबईतून चाले, ते लवकरच धारवाडला हलले. मुंबई राज्यातील कानडी भाषक जिल्ह्यांसाठी ते असल्याने बेळगावची महाविद्यालये धारवाडकडे गेली आणि कोल्हापूरची पुण्याकडे. राज्य पुनर्रचनेने बेळगाव म्हैसूर राज्यात गेले ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी. विद्यापीठाची रेघ मात्र त्याच्या सात वर्षे आधीच ओढली गेली होती. आपल्याकडे सीमाप्रश्नावर बोलताना हा टप्पा बहुतेक वेळा गाळला जातो, म्हणून मुद्दाम लिहिले.

धारवाडच्या विद्यापीठाला आकार दिला तो डी. सी. पावटे यांनी. १९५४ पासून तेरा वर्षे ते कुलगुरू होते आणि तेथील संकुलाच्या परिसराला आज पावटेनगर म्हणतात. बेळगाव जिल्ह्यातील विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षणासाठी त्या काळी धारवाड गाठावे लागे आणि निपाणी, चिक्कोडी, अथणी या भागांना ते फारच आडवळणी पडे. म्हणून १९८२ मध्ये कर्नाटक विद्यापीठाने बेळगावला पदव्युत्तर केंद्र काढले. या केंद्रालाच कित्तूर राणी चन्नम्मा यांचे नाव मिळाले, आणि २०१० मध्ये बेळगाव, विजापूर व बागलकोट हे तीन जिल्हे धारवाडपासून वेगळे करून त्याच केंद्राचे स्वतंत्र विद्यापीठ करण्यात आले. त्यानंतर जमखंडी येथे बागलकोट विद्यापीठ निघाले आणि बागलकोट जिल्हा त्याच्याकडे गेला. २०२५ मध्ये राज्य सरकारने नव्याने काढलेली काही विद्यापीठे बंद करण्याची चर्चा सुरू केली तेव्हा त्या यादीत बागलकोट विद्यापीठाचेही नाव होते. आपल्या बहिणीचा त्याच्याशी संबंध येत नाही, म्हणून तो विषय येथेच सोडतो.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. बेळगावात रिक्षावाल्याला नुसते ‘विद्यापीठ’ म्हटले तर तो मच्छेला नेऊन सोडण्याची शक्यता आहे. तेथे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे. ते १९९८ चे असून राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. कला शाखेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

माजी विद्यार्थिनी, हुक्केरी तालुका

सरांनी इतिहास सांगितला आहे. मी संकुलाविषयी लिहिते. राणी चन्नम्मा विद्यापीठाचे ‘विद्यासंगम’ हे मुख्य संकुल भूतरामनहट्टी येथे, बेळगावहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गालगत आहे. बेळगावहून निघाले की आधी काकती लागते, जे राणी चन्नम्मांचे जन्मगाव मानले जाते, आणि त्यापुढे हे संकुल. शहरापासून ते सुमारे अठरा-वीस किलोमीटर दूर आहे. निपाणीकरांच्या दृष्टीने त्यात एक फायदा आहे, कारण संकुल बेळगावच्या अलीकडेच येते आणि शहरात शिरून पुन्हा दुसरी गाडी पकडावी लागत नाही. मात्र लांब पल्ल्याच्या सगळ्याच गाड्या विद्यापीठाच्या थांब्यावर थांबत नाहीत. चढतानाच वाहकाला विचारून घ्यावे.

प्रवासखर्चाची बाजू मुलींसाठी फार मोलाची आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली कर्नाटकच्या रहिवासी महिलांना राज्यातील साध्या सरकारी बसगाड्यांमधून तिकिटाविना प्रवास करता येतो. म्हणजे आपल्या बहिणीला निपाणी ते भूतरामनहट्टी जाण्या-येण्यास पैसे पडणार नाहीत. रहिवासाचे ओळखपत्र जवळ असले की झाले. कोल्हापूर अंतराने जवळ असले तरी तेथे रोजचे भाडे किंवा पास आलाच.

संकुलात मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगवेगळी वसतिगृहे आहेत. परंतु जागा मिळेलच असे गृहीत धरू नये; एम. ए. च्या प्रवेशाबरोबरच वसतिगृहाचा अर्ज द्यावा आणि शासनाच्या मागासवर्गीय कल्याण खात्याच्या बेळगावातील मॅट्रिकोत्तर वसतिगृहासाठीही वेगळा अर्ज करून ठेवावा. परिसर शांत, झाडीचा आणि मोकळा आहे. अभ्यासाला तो चांगला. पण संध्याकाळी एखादी वही किंवा औषध आणायचे तर जवळ बाजारपेठ नाही, आणि शहरात वाढलेल्या मुलींना हे पहिल्या सत्रात जड जाते. ग्रंथालयात नेमलेली पुस्तके मिळतात. मराठीच्या जुन्या पुस्तकांसाठी मात्र मी बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात जात असे. ते १८४८ चे आहे, आणि मराठीच्या विद्यार्थ्याने त्याची वर्गणी भरलीच पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सूचना महत्त्वाची. भूतरामनहट्टीच्या जागेला वनजमिनीची अडचण असल्यामुळे विद्यापीठाचे नवे संकुल बेळगाव-धारवाड महामार्गावरील हिरेबागेवाडी येथे उभारण्यात आले आहे. ते बेळगावच्या पलीकडे, म्हणजे निपाणीपासून बरेच लांब पडते. तेव्हा आपल्या विषयाचे वर्ग या वर्षी कोणत्या संकुलात भरणार आहेत, हे विभागात स्वतः जाऊन विचारल्याशिवाय रोज ये-जा करण्याचा निर्णय घेऊ नये. विजापूरजवळच्या तोरवी येथेही विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र आहे, पण ते आपल्या कामाचे नाही.

खानापूरकर

वर आलेली माहिती उपयोगी आहे. पण मला वाटते की या प्रश्नात अंतर आणि नावलौकिक यांना गरजेपेक्षा जास्त वजन दिले जात आहे. सीमाभागातील विद्यार्थ्याने आधी हे पाहावे की कोणत्या सवलतीवर आपला हक्क आहे आणि तो हक्क हद्दीपलीकडे चालतो की नाही.

जातीच्या दाखल्याचेच उदाहरण घ्या. मागासवर्गीयांच्या याद्या राज्यवार असतात. कर्नाटकात मराठा समाज ‘३ ब’ प्रवर्गात येतो, पण हा दाखला महाराष्ट्रातील प्रवेशात किंवा शिष्यवृत्तीत धरला जात नाही. तेथे तिला राज्याबाहेरची, खुल्या गटातील विद्यार्थिनी समजले जाईल आणि शुल्कही त्याप्रमाणे भरावे लागेल. उलट कर्नाटकात राहिल्यास राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करता येतो, आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी ‘विद्यासिरी’ योजना आहे, तिच्यात भोजन व निवासासाठी वर्षातील दहा महिने दरमहा साहाय्य मिळते. उत्पन्नाची मर्यादा पाळावी लागते आणि उत्पन्नाचा दाखला चालू असावा लागतो. तहसील कार्यालयात जून-जुलैमध्ये रांगा लागतात, म्हणून तो आताच काढावा.

कर्नाटकातील ज्या ८६५ सीमावर्ती गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तेथील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने सवलती जाहीर केल्या आहेत आणि शिवाजी विद्यापीठानेही सीमाभागातील विद्यार्थ्यांचा विचार केला आहे. मात्र बातमीच्या कात्रणावर विसंबून प्रवेश घेऊ नये. त्या वर्षीचे परिपत्रक विद्यापीठाच्या प्रवेश विभागातून हाती घ्यावे, त्यात आपला अभ्यासक्रम आणि आपले गाव आहे का ते पाहावे, मगच पैसे भरावेत. माझ्या ओळखीच्या एका मुलाला प्रवेशाच्या वेळी तोंडी सांगितलेली सवलत नंतर मिळाली नाही, आणि दाद मागायला त्याच्याजवळ कागदच नव्हता.

आपल्या आई विडी कामगार आहेत, हे मात्र मोठे बळ आहे. विडी कामगारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती केंद्रीय कामगार मंत्रालयाची असून तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर होतो, त्यामुळे तिला राज्याची हद्द आड येत नाही. आईंचे विडी कामगार म्हणून असलेले ओळखपत्र शोधून ठेवा आणि एम. ए. हा अभ्यासक्रम यंदाच्या यादीत आहे का ते अर्ज भरण्यापूर्वी पाहा.

कोल्हापुरात शिकलेला, चंदगड सीमा

खानापूरकरांचा हिशेब चोख आहे, पण तो पैशापुरता आहे. विषय इतिहास असेल तर माध्यमाचा प्रश्न त्याहून मोठा ठरतो. बेळगावला इतिहासाचे अध्यापन मुख्यत्वे कन्नड आणि इंग्रजीतून होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलीला टिपणे काढणे, संदर्भ वाचणे आणि उत्तरपत्रिका लिहिणे या तिन्ही ठिकाणी त्रास होतो. शिवाजी विद्यापीठात इतिहासाची उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, आणि एम. ए. च्या दोन वर्षांत हा फरक गुणपत्रिकेवर दिसल्याशिवाय राहत नाही. विषय मराठी असेल तर गोष्ट वेगळी आहे, कारण राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठीचा स्वतंत्र विभाग आहे.

सोयींविषयी सांगायचे तर शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झाले, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार होते आणि संकुल सुमारे ८५३ एकरांचे आहे. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे तेथील ग्रंथालय मराठ्यांच्या इतिहासासाठी आपल्या सगळ्या भागात अव्वल आहे, हे मी पक्षपात न करता सांगतो. गरजू विद्यार्थ्यांसाठी ‘कमवा व शिका’ योजना आहे. विद्यापीठातील विभागांत रोज काही तास काम करून शिक्षणाचा व राहण्याचा खर्च भागवता येतो आणि मुलींसाठीही तिच्यात निवासाची सोय आहे. ज्यांना घरून पैसे येणे शक्य नव्हते असे माझे कितीतरी वर्गमित्र याच योजनेमुळे शिकले. जागा मोजक्या असतात, निवड गरज पाहून होते आणि काम खरोखर करावे लागते.

दुसऱ्या विद्यापीठातून आल्यामुळे तिला स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्र लागेल. राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे स्थलांतर प्रमाणपत्रासाठी अर्ज निकाल लागल्याबरोबर करावा.

निपाणीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बहिणीशी बोललो. विषय मराठी घेण्याकडे तिचा कल आहे, तो मुळातच होता. इतिहासाचा आग्रह माझा होता, हे येथे नमूद करतो. आता एक शंका उरते. बेळगावला अर्ज करून ठेवला आणि कोल्हापूरलाही केला तर चालते का?

निवृत्त प्राध्यापक, बेळगाव

अर्ज दोन्हीकडे खुशाल करावेत. प्रवेश मात्र एकाच ठिकाणी निश्चित करावा, आणि तो होईपर्यंत मूळ गुणपत्रिका व शाळा-महाविद्यालय सोडल्याचा दाखला कोठेही जमा करू नये, कारण एकदा जमा केलेले मूळ कागद परत मिळवण्यात आठवडे जातात. कर्नाटकातील प्रवेश राज्याच्या एकत्रित संगणकीय प्रणालीवरून होतो. त्यावर बहिणीचे पदवीचे खाते आधीच असेल, तेव्हा जुनाच नोंदणी क्रमांक वापरावा, नवे खाते उघडू नये. मराठी विभागात जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वर्ग भूतरामनहट्टीला आहेत की हिरेबागेवाडीला, एवढे विचारून घ्या. दोन्ही संकुले बेळगावच्या दोन विरुद्ध दिशांना आहेत.