मदत हवी आहे: बाबा गेले, पण आईच्या मोबाइलवर त्यांच्या आजारपणाच्या जाहिराती येतच आहेत

नमस्कार मंडळी,

बाबा वैशाखात गेले. शेवटचे आठ महिने ते अंथरुणालाच खिळले होते. मोठ्यांचे डायपर, एअर बेड, पाठीच्या जखमांचं मलम, सगळं आम्ही आईच्याच फोनवरून शोधायचो आणि मागवायचो.

आई रोज दिवेलागणीनंतर त्याच फोनवर यूट्यूबवर कीर्तन लावते. परवा मध्येच हॉस्पिटलचा पलंग भाड्याने देणाऱ्यांची जाहिरात लागली. पलंगावर एक आजोबा, उशाशी हसणारी नर्स. आईने फोन उपडा ठेवला आणि आत निघून गेली.

त्याहून त्रास होतो तो औषधांच्या ॲपचा. दहा डायपरचं पाकीट आम्हाला पाच दिवस पुरायचं. अजूनही दर पाच दिवसांनी नोटिफिकेशन येतं, 'पुन्हा मागवायचं का?' आईला तो दिवस आता पाठ झालाय.

गूगलच्या 'माय ॲड सेंटर'मध्ये, म्हणजे जाहिरातींच्या सेटिंगमध्ये, पर्सनलाइज्ड (आपण काय शोधतो-बघतो त्यावरून दाखवलेल्या) जाहिराती बंद केल्या, ॲडव्हर्टायझिंग आयडी (जाहिरातवाले फोन ओळखतात तो क्रमांक) डिलीट केला, हिस्टरी पुसली. फरक थोडाच पडला. 'माय ॲड सेंटर'मध्ये दारू, जुगार, डेटिंग, वजन घटवणं, गरोदरपण-पालकत्व या विषयांच्या जाहिराती कमी करायची सोय दिसली. ज्यांचं बाळ गेलं त्यांना तिचा केवढा आधार वाटत असेल! घरातलं आजारी माणूस गेल्यावरही अशी सोय हवी, असं मला मनापासून वाटतं.

वाचून एवढं समजलं की पर्सनलाइज्ड बंद केलं तरी व्हिडिओच्या विषयावरून जाहिरात लागू शकते, आणि कीर्तन ऐकणारे बरेचसे वयस्कर असणार हे कोणीही ओळखेल. शिवाय दुकानदार ग्राहकांचे नंबर जाहिरात कंपनीला देऊ शकतो, मग फोन कितीही साफ केला तरी काय उपयोग? यूट्यूबपुरते पैसे भरून जाहिराती घालवीन, पण बाकीच्यांचं काय?

ॲपवरचं खातं बंद करता येत नाही, आईच्या बीपीच्या गोळ्या तिथूनच येतात. फक्त डायपरची आठवण थांबवून ऑर्डरचे मेसेज चालू ठेवता येतील का? ॲपकडे तक्रार केली. ऑनलाइन विक्रीच्या ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते, तशी पोच मिळाली. नोटिफिकेशन मात्र थांबलं नाही. नंबर त्यांच्या जाहिरातीच्या यादीतून काढायला मेलमध्ये नेमकं काय लिहावं? कोणी केलं असेल तर कृपया मजकूर द्या.

रविवारी मी पुण्याला परत जातेय. मग आई घरी एकटीच असेल, त्याआधी एवढं करून जायचंय.