जुनं बॉस डीएस-१ बॅटरीवर खणखणीत, अडॅप्टरवर मलूल – अडॅप्टर कुठला घेऊ, दुरुस्ती कुठे?

सांगलीची_तार
नमस्कार मंडळी, पुण्यातल्या एका गिटारवाल्या मित्राकडून सेकंडहँड बॉस डीएस-१ घेतलं, गिटारचा आवाज फाटका-भरदार करणारं केशरी डिस्टॉर्शन पेडल, जपानी बनावटीचं आहे, खालच्या लेबलवर काळ्या पट्टीत 'मेड इन जपान' आहे. ९ व्होल्टची बॅटरी लावली की जीव ओवाळून टाकावा असा आवाज येतो. पण माझ्याकडच्या ९ व्होल्टच्या पेडल अडॅप्टरवर लावलं की लाल लाइट एकदम मिणमिणता आणि आवाज दबलेला, नोट लांबत नाही, मध्येच तुटते. अडॅप्टर बरोबर आहे, माझं दुसरं पेडल त्यावर छान चालतं. शिवाय फूटस्विच दोनतीनदा दाबल्याशिवाय लागत नाही आणि टोनचा पॉट (फिरवायचं बटण) खरखरतो. सोबत एक जुना ठोकळा अडॅप्टरपण मिळालाय, तो अजून लावलेला नाही. दोन आठवड्यांनी कार्यक्रम आहे. नवीन अडॅप्टर घेऊ, की पेडल उघडायला देऊ? आणि देऊ तर कोणाकडे?
खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी घाईत वायफाय राउटरचा ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला होता, पिन बसली म्हणून. पेडल सुरूच झालं नाही, लगेच काढला. त्यानेच काही जळलं का ही भीती डोक्यातून जात नाहीये.

नाशिकचा_बेसवाला
मी तर म्हणतो बॅटरीवरच वाजव. डीएस-१ दहा मिलिअँपपण खात नाही, चांगली अल्कलाइन बॅटरी कितीतरी तास जाते. फक्त वाजवून झालं की इनपुटमधली केबल काढायची, कारण केबल आत असली की पेडल चालूच राहतं, लाइट बंद दिसला तरी. माझ्या अशा दोन बॅटऱ्या रात्रभरात संपल्यात.

रेडिओदुरुस्ती
सांगलीकर, आधी पेडलच्या पाठीवर किंवा जॅकपाशी अडॅप्टरचं नाव काय लिहिलंय ते बघ. 'पीएसए' की 'एसीए'? बॉसच्या अडॅप्टरचे हे दोन प्रकार, पीएसए नवा, एसीए जुना. मला वाटतं एसीए असणार, आणि तसं असेल तर तुझं पेडल बिघडलेलंच नाही.
जुने बॉस पेडल एसीए अडॅप्टरसाठी बनवलेले होते. तो अडॅप्टर अनरेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर न ठेवणारा, पेडल करंट कमी ओढत असलं की १२ व्होल्टच्या आसपास देणारा. म्हणून पेडलच्या आत पॉवरच्या निगेटिव्ह वाटेत एक रेझिस्टर आणि एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) घातलाय, तो जास्तीचा व्होल्टेज तिथे खाल्ला जातो आणि सर्किटला ९ च्या जवळपास मिळतं. आता तू आजचा रेग्युलेटेड, म्हणजे नेमके ९ व्होल्ट देणारा, लावलास की त्यातूनही तेवढंच कापलं जातं आणि सर्किटपर्यंत सहाएक व्होल्ट पोचतात. बॅटरी त्या वाटेने येत नाही म्हणून बॅटरीवर ठणठणीत.
मल्टिमीटर असेल तर खालची प्लेट उघड (चार स्क्रू, आत एक प्लास्टिकचा पातळ पत्रा असतो तो हरवू नको, तो नसेल तर सोल्डर प्लेटला टेकून शॉर्ट होतं). इनपुटला केबल लावून, इफेक्ट चालू ठेवून, बोर्डावरचा व्होल्टेज बॅटरीवर आणि अडॅप्टरवर असा दोन्ही वेळा मोज. आकडे इथे टाक. त्याआधी कुणालाही सोल्डर लावू देऊ नकोस.
राउटरचं म्हणशील तर, राउटरचे अडॅप्टर बहुतेक मधे प्लस असलेले असतात आणि गिटार पेडलला मधे मायनस लागतो. पिन मात्र हुबेहूब तीच, त्यामुळे हा घोळ फार जणांचा होतो. तुझ्या पेडलमध्ये तो वाटेतच (सिरीजमध्ये) बसलेला डायोड आहे, उलटा करंट त्याने अडवला, म्हणून ते नुसतं गप्प बसलं. नंतरच्या काळात बऱ्याच पेडलमध्ये डायोड पॉवरच्या प्लस-मायनसमध्ये आडवा लावलेला असतो, तिथे उलटं लावलं की तो डायोड स्वतः शॉर्ट होऊन मरतो आणि पेडल मेल्यासारखं दिसतं. एवढा एक डायोड बदलून जिवंत झालेली पेडल मी हाताने केलीत, त्यामुळे 'डेड' म्हणून कुणी फेकायला निघालं तर आधी तिथे बघा.

मीरा_टेलीकास्टर
रेडिओदुरुस्ती काकांनी सांगितलंय त्याला एक बिनखर्चाची युक्ती जोडते. एकाच अडॅप्टरवरून डेझी चेन वायरने (एका अडॅप्टरला अनेक पिना फुटणारी वायर) हे पेडल आणि तुझं दुसरं नवं पेडल दोन्हीला पॉवर दे, आणि दोघांमध्ये नेहमीची पॅच केबल (पेडल ते पेडल आवाज नेणारी छोटी केबल) लाव. पॅच केबलमधून ग्राउंड एक होतो, करंटला रेझिस्टर-डायोड टाळून परतीची वाट मिळते आणि एसीए पेडल पूर्ण ताकदीने वाजतं. मी दोन वर्षं असंच वाजवलंय.
फक्त त्या चेनवर डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) घालू नकोस. डिजिटल पेडलच्या क्लॉकचा बारीक चिर्र आवाज पॉवरच्या वायरीतून डिस्टॉर्शनमध्ये शिरतो आणि डिस्टॉर्शन तो मोठा करून देतं. पुढे चारपाच पेडल झाली की आयसोलेटेड आउटपुटवाला, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळी पॉवर देणारा सप्लाय घे, महाग वाटतो पण मला तरी त्या खर्चाचा कधी पश्चात्ताप झाला नाही. विकत घेताना प्रत्येक आउटपुटला किती मिलिअँप ते बघ, काही डिजिटल पेडलना १०० पेक्षा जास्त लागतात.
आणि तो जुना ठोकळा!! लावण्याआधी त्याच्यावरचं इनपुट वाच. जपानमध्ये १०० व्होल्टची लाइन आहे, आपल्याकडे २३०.

सांगलीची_तार
एसीएच लिहिलंय! मोजलं. बॅटरीवर ९.१, अडॅप्टरवर ६.२. अडॅप्टर स्वतः ९.३ देतोय. आणि ठोकळ्यावर खरंच १०० व्होल्ट आहे, मीराताई तुमचे उपकार, मी आज रात्री तोच लावून बघणार होतो.
काका, मग ते दोन्ही पार्ट कायमचे शॉर्ट करून टाकू का? नेटवर तसं करतात असं दिसतंय.

रेडिओदुरुस्ती
करतात, आणि चालतंही. पण मी तुझ्या जागी असतो तर फक्त रेझिस्टरवर वायर टाकली असती, डायोड राहू दिला असता. डायोड अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या आसपास खाईल, ते कानाला कळणार नाही, आणि परत घाईत राउटरचा लावलास तर तोच वाचवेल. रेझिस्टर काढून फेकू नकोस, वरून तुकडा जोड, पुढे कुणाला मूळ स्थितीत हवं असेल तर तुकडा काढला की झालं. हे केल्यावर जुन्या पद्धतीचा १२ व्होल्टवाला मात्र त्याला कधी लावायचा नाही.
फूटस्विचचं सोपं आहे. बॉसमध्ये पायाखाली मोठा स्विच नसतो, रबरी पॅडखाली छोटं टॅक्ट बटण (टिक करणारं दाबबटण) असतं आणि आवाज बदलायचं काम आतले एफईटी, म्हणजे एक प्रकारचे ट्रान्झिस्टर, करतात. पुढचा स्क्रू सोडून झाकण उचल आणि ते बटण थेट बोटाने दाब. तरी अडखळलं तर बटण गेलंय, किरकोळ पैशात मिळतं, फक्त उंची जुन्याएवढीच घे. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, जुनं बटण सोबत घेऊन जा. पॉटला कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीसपंचवीस वेळा इकडून तिकडे फिरव. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे नकोत, ते आत राहतात आणि धूळ धरतात.
सांगलीतच जुना टीव्ही-रेडिओवाला कुणी असेल तर त्याच्याकडे दे, डीएस-१ चा सर्किट डायग्राम प्रिंट काढून दे आणि कुठला पार्ट ते बोटाने दाखव. 'सगळे कपॅसिटर बदलून देतो' म्हणाला तर नको म्हण. जे चालतंय त्याला हात लावू देऊ नये, जुन्या बोर्डावरचे ट्रॅक गरम झाले की लगेच सुटून येतात.

नाशिकचा_बेसवाला
बॅटरीचं बोललो त्यात भर, पेडल महिनाभर वाजणार नसेल तर बॅटरी आत ठेवू नका. माझ्या कोरस पेडलमध्ये फुटली, क्लिप हिरवी पडली. अल्कलाइन असेल तर कापसाला थोडं व्हिनेगर आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, एवढ्याने माझी साफ झाली, वायर मात्र आतून काळी पडलेली म्हणून क्लिप नवीन लावली.

सांगलीची_तार
अपडेट. घराजवळच एक रेडिओवाले आजोबा निघाले, डायग्राम बघून खुश झाले, दहा मिनिटांत रेझिस्टरवर तुकडा टाकून दिला. आता अडॅप्टरवर बोर्डाला ८.६ येतात, लाइट लखलखीत, नोट पूर्ण लांबते. टॅक्ट बटण मित्र पुण्याहून येताना आणतोय. खरखर पूर्ण गेली नाही पण कमी झाली, उद्या परत क्लीनर मारतो. राउटरच्या अडॅप्टरला लाल चिकटपट्टी लावली आणि जपानी ठोकळ्याची पिन कापडात गुंडाळून कपाटात वर ठेवला.