हाजीअलीचं क्रॉसरोड्स: आठवणी लिहा

परवा टॅक्सीवाल्याला म्हटलं, क्रॉसरोड्सपाशी घ्या, तर तो पोरगा विचारतो कुठलं क्रॉसरोड्स! 1999 ला उघडलं तेव्हा अख्खी मुंबई लोटली होती हो. आधी तिथे रोश कंपनीचा औषधांचा कारखाना होता, मग पिरामलांनी मॉल बांधला. दिल्लीचा अन्सल प्लाझाही त्याच वर्षीचा, आणि चेन्नईवाले स्पेन्सर प्लाझाचं नाव काढतीलच, पण आपल्याला पहिला हाच. तर जे जे तिथे जाऊन आलेत त्यांनी लिहा. काय खरेदी केलीत ते नाही सांगितलंत तरी चालेल, बहुतेकांनी काही घेतलंच नव्हतं.

—

आम्ही गिरगावातून आई, मावशी, आजी आणि मी. सरकता जिना बघून मावशीनं एका हातात निऱ्या धरल्या, दुसऱ्या हातात माझं मनगट, आणि एक दोन तीन म्हणत तीनदा पाय मागे घेतला. आजीनं काय करावं? चपला काढून पिशवीत टाकल्या आणि सरळ चढली! वर पोचल्यावर म्हणते, पायाला गुदगुल्या होतात गं. मागे लाईन लागलेली, कुणी हसलं नाही, सगळ्यांचीच तीच गत.

—

सुरुवातीला गर्दी आवरेना म्हणून मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरून आत या असं काढलं होतं, आठवतंय का कुणाला? तेव्हा इनकमिंगलाही पैसे पडायचे, मोबाईल असणार कुणाकडे! आमच्या ग्रुपात एकाच्या काकांचा होता, तो त्याने आणला बंद करून, कुणी फोन केला तर बिल काका बघणार ना. त्यावर बोंबाबोंब झाली, पेपरात आलं, मग तो नियम गेला.

—

आमच्यासाठी हाजीअली म्हणजे हिरा पन्ना शॉपिंग सेंटर. इम्पोर्टेड वस्तू उघडपणे मिळत नव्हत्या त्या काळात परफ्यूम, कॅसेट, घड्याळं सगळं तिथे. दुकानदार एक किंमत सांगणार, आपण निम्मी, मग चाललो म्हणून दोन पावलं टाकायची की मागून हाक. क्रॉसरोड्समध्ये वडिलांनी सवयीनं शर्टाचा भाव केला, तर सेल्सगर्लने टॅग उलटा करून दाखवला फक्त. वडील बाहेर येऊन म्हणाले, इथे बोलायला माणूसच नाही.

—

मी तिथे कामाला होते, दुकानाचं नाव नको. रविवारी इतकी माणसं यायची आणि बिलं बोटावर मोजण्याइतकी. उन्हाळ्यात तर लोक एसी खायला येत :) दुपारी एक आजोबा रोज यायचे, एकच कुर्ता हातात घ्यायचे, कापड चिमटीत धरून बघायचे, ठेवायचे. सहा महिन्यांनी सेल लागला तेव्हा मी तो बाजूला काढून ठेवला तर म्हणाले, नको पोरी, मग रोज बघू काय?

—

पुढे फ्यूचर ग्रुपकडे गेलं, सोबो सेंट्रल झालं, पण तोवर लोअर परळला फिनिक्स फोफावलं होतं, माणसं तिकडे गेली. शेवटी गेलो तेव्हा सरकता जिना बंदच होता, पायऱ्या चढून गेलो. उतरून हाजीअली ज्यूस सेंटरला सीताफळ क्रीम खाल्लं, ते मात्र 99 मध्येही तिथेच खाल्लं होतं.

—

त्या चपला काढणाऱ्या आजी कुठल्या हो गिरगावात? आमच्या वाडीतही असंच कुणीतरी सांगायचं.