रात्रीच्या जेवणाऐवजी प्रोटीन शेक घेतला तर वजन उतरेल का? पावडर कोणती?

पळसफूल (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. वय 38, उंची 158 सेंमी, वजन 84 किलो. सकाळी 8 ला एक भाकर आणि भाजी, दुपारी वावरात दोन भाकरी आणि बेसन (पिठलं), रात्री 9 ला दोन भाकरी, वरण, भाजी आणि थोडा भात. चहा चार वेळा, दोन-दोन चमचे साखरेचा. अंडी चालतात, मटण-चिकन नाही.

तालुक्याला एक केंद्र आहे. तिथे सकाळ-रात्र दोन्ही जेवणं बंद करून शेक घ्या, महिन्यात 6 किलो उतरेल असं सांगतात. मेडिकलवाल्याने वेगळाच डबा दाखवला, आणि जिमला जाणारा भाचा म्हणतो व्हे घे. दोन वेळा घ्यावा की एक वेळ? पाण्यात की दुधात? आणि एवढा खर्च न करता घरचं काही चालेल का? दिवसभर निंदणाचं काम असतं, चक्कर येऊन चालणार नाही.

आहार_वऱ्हाड

ताई, प्रोटीन पावडर वेगळी आणि जेवणाऐवजी घ्यायची पावडर वेगळी. दुसरीत प्रोटीनसोबत पिष्ट, थोडी चरबी, जीवनसत्त्वं आणि खनिजं मोजून घातलेली असतात आणि एका वेळेला साधारण 200 ते 250 कॅलरी मिळतात. भाचा म्हणतो ते व्हे म्हणजे चीज करताना उरलेल्या पाण्यातून काढलेलं प्रोटीन. 30 ग्रॅमच्या चमच्यात 24 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि 120 कॅलरी. फायबर नाही, लोह नाही. ते जेवण नाही, जेवणातला एक भाग आहे.

आता तुमच्या ताटाचा हिशोब. 80 ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर म्हणजे 270 कॅलरी आणि 8 ग्रॅम प्रोटीन. रात्रीच्या दोन भाकरी, वाटीभर वरण, तेलाची भाजी आणि भात मिळून 850 कॅलरी होतात आणि प्रोटीन 24 ग्रॅम. म्हणजे रात्री नुसता पाण्यातला शेक घेतला तर प्रोटीन होतं तेवढंच राहतं, फक्त कॅलरी 850 च्या 120 होतात. मग 11 वाजता पोटात आग पडते, आणि फुटाणे, चिवडा, सकाळची उरलेली भाकर असं एकेक सुरू होतं. शेकने वजन उतरत नाही अशी तक्रार असते, तिथे बहुतेक वेळा हेच घडलेलं असतं.

तुमच्या उंचीला 60 ते 65 किलो वजन धरून किलोमागे 1.2 ग्रॅम प्रोटीन घ्या, म्हणजे दिवसाला 72 ते 78 ग्रॅम. एरवी निरोगी माणसाला आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) किलोमागे 0.83 ग्रॅम सांगते. वजन कमी करताना जास्त घ्यायचं, कारण नाहीतर चरबीसोबत स्नायूही जातात आणि कामाची ताकद कमी होते. तुमचं सध्या 55 ते 58 ग्रॅमच्या घरात जातं. त्यामुळे शेक एकच वेळ, आणि तोही भरलेला:

व्हे 30 ग्रॅम, साय काढलेलं गाईचं दूध 200 मिली, ज्वारीच्या लाह्यांचं पीठ 20 ग्रॅम, भाजून कुटलेला जवस 10 ग्रॅम. एकूण 34 ग्रॅम प्रोटीन, 360 कॅलरी. सोबत एक मोठी काकडी, मुळा किंवा गाजर. चावायला काही असलंच पाहिजे. नुसतं पिऊन संपवलं की पोट भरल्यासारखं वाटत नाही. शेकसुद्धा एका दमात नको, 15 मिनिटं लावा.

दूध म्हशीचं असेल तर साय काढल्याशिवाय घेऊ नका. 100 मिलीला 100 च्या वर कॅलरी जातात, गिलासभर दुधातच एका भाकरीएवढं होतं. तापवून, पूर्ण थंड करून वरची साय काढा. जमलं तर पुन्हा एकदा तापवून काढा.

सकाळचं आणि दुपारचं जेवण बंद करू नका. उन्हात निंदण करायचं तर अंगात पिष्ट हवं. चक्कर तुम्ही म्हणता ती नेमकी तिथेच येते. कापायचं ते रात्रीचं. आणि चहातली साखर: चार कप, आठ चमचे, 40 ग्रॅम, 160 कॅलरी. अर्ध्या भाकरीहून जास्त. कपाला अर्धा चमचा करा.

यातून रोज 550 ते 600 कॅलरी कमी होतील, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. महिन्याला 6 किलो चरबी जायची तर रोज 1,500 कॅलरी कमी पडायला हव्यात, कारण एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. कष्ट करणाऱ्या बाईला हे झेपणारं नाही. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो झपकन उतरतात, ते बहुतेक पाणी असतं. केंद्रवाले तोच आकडा पुढे करतात.

डबा_आधी_वाचा

वरच्या हिशोबाशी सहमत. पावडर घेताना फसगत कुठे होते ते लिहितो.

डब्याच्या मागे 100 ग्रॅमचा रकाना पाहा, चमच्याचा नाही. व्हे कॉन्सन्ट्रेट (साधं व्हे) असेल तर 100 ग्रॅममध्ये 70 ते 80 ग्रॅम प्रोटीन, आयसोलेट (जास्त गाळलेलं व्हे) असेल तर 90 च्या आसपास. मेडिकलमध्ये आजारपणानंतर देतात त्या बऱ्याच डब्यांत ते 30-35 च्या आसपासच असतं आणि उरलेलं साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन (साखरेसारखं लवकर पचणारं पिष्ट). अशक्त माणसासाठी ते ठीक आहे, तुमच्यासाठी नाही. ‘मास गेनर’ लिहिलेला डबा तर हातात घेऊ नका. तो वजन वाढवायलाच बनवलेला असतो, आणि किलोमागे स्वस्त पडतो म्हणून नेमका तोच गळ्यात मारला जातो.

घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलं नाव व्हे असलं पाहिजे. यादीत ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन वेगळं घातलेलं दिसलं तर सावध राहा. प्रोटीन बहुतेक वेळा नायट्रोजनवरून मोजतात, आणि या स्वस्त पदार्थांचा नायट्रोजनही त्यातच धरला जातो, मग आकडा फुगतो. डब्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी परवाना नंबर, बॅच नंबर आणि मुदत हवी, झाकणाखालचं सील शाबूत हवं. केंद्रात गिलासात कालवून देतात त्यात काय आणि किती आहे हे कळायला मार्गच नसतो. डबा दाखवा म्हणा. दाखवला नाही तर उठून या.

खर्च: 1 किलोचा डबा 2,400 रुपयांना धरला तर 33 वेळा होतो, म्हणजे एका वेळेचे 72-73 रुपये, प्रोटीनच्या ग्रॅमला 3 रुपये. 7 रुपयांच्या अंड्यात 6 ग्रॅम मिळतं, ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत.

कालवताना आधी दूध किंवा पाणी, मग पावडर. उलट केलं की तळाला गोळा बसतो आणि तो हलवून सुटत नाही. गरम दुधात कधीच टाकू नका, व्हे उष्णतेने फाटल्यासारखं होऊन गुठळ्या धरतं. कोमट झालेलं किंवा माठातल्या पाण्याइतकं थंड घ्या. झाकणाच्या बाटलीत अर्धा मिनिट हलवा, फेस बसायला पाच मिनिटं द्या. जवस आणि लाह्यांचं पीठ शेवटी, पिण्याच्या आधी. आधीच टाकून ठेवलं तर जवस फुगतो आणि लापशी होते.

कालवलेला शेक ठेवायचा नाही. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा 44-45 ला जातो, वरून लाइट गेलेली, दुधातला शेक तास-दीड तासात आंबतो. बाटलीला काल रात्रीचा वास राहिला तरी नवा शेक नासतो. ब्रश घालून धुवा, झाकणाची चाळणी वेगळी काढून. डबा चुलीच्या किंवा गॅसच्या कपाटात नको. ओला चमचा आत गेला की पावसाळ्यात वरचा थर ढेकळासारखा होतो. तसा झालेला, कडू वासाचा भाग वेचून उरलेलं वापरायची काटकसर करू नका.

पोट फुगलं, गुडगुड झाली तर दोषी बहुधा दुधातली साखर असते. कॉन्सन्ट्रेटमध्येही ती थोडी असते. आधी दुधाऐवजी पाणी किंवा ताक करून पाहा. तरी त्रास राहिला तर आयसोलेट.

पळसफूल

खूप खूप धन्यवाद दोघांनाही. एक सांगायचं राहिलं. सकाळी थायरॉईडची 50 ची गोळी सुरू आहे आणि रात्री जेवणानंतर लोहाची. शिवाय घरच्यांना (यजमानांना) शुगर आहे, ग्लिमेपिराइड घेतात. तेही म्हणतात मीही रात्री शेकच घेतो. आणि घरात सोयाबीन पोत्याने पडलं आहे, त्याचं पीठ करून टाकलं तर?

गोळी_वेळेवर

बरं झालं विचारलं, ताई. तीन गोष्टी, तिसरी सगळ्यांत महत्त्वाची.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. दूध, सोया आणि कॅल्शियमने ती अंगी कमी लागते, म्हणून शेक आणि गोळी यांत चार तास हवेत. रात्रीचा शेक त्या दृष्टीनेही योग्य. केंद्राचा सकाळचा शेक घेतला असता तर दोन-तीन महिन्यांत टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) वर गेला असता आणि वजन का उतरत नाही हे कोडंच राहिलं असतं. चार-पाच किलो उतरले की टीएसएच पुन्हा तपासा, डोस बदलावा लागू शकतो.

लोहाची गोळी रात्री शेकनंतर घेऊ नका, दुधातलं कॅल्शियम लोह अडवतं. दुपारी जेवणाच्या सुमारास घ्या, सोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर. त्या जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा नको.

भाऊंचं, म्हणजे तुमच्या यजमानांचं: ग्लिमेपिराइड चालू असताना रात्रीची भाकर बंद करून शेक घेणं धोक्याचं आहे. ही गोळी इन्सुलिन सोडायला लावते, जेवण आलं काय आणि न आलं काय. पिष्ट एकदम कमी झालं तर रात्री झोपेत शुगर पडते, घाम, थरथर, गोंधळ, आणि घरच्यांना वाटतं झोपच लागली आहे. इन्सुलिनवाल्यांनाही हेच लागू. डॉक्टरांना विचारून डोस आधी कमी करायचा, मग जेवण बदलायचं. ब्रिटनमध्ये 800 च्या आसपास कॅलरींच्या शेक आणि सूपवर लोकांची मधुमेहाची औषधं सुटल्याचा डायरेक्ट नावाचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पण तिथे सुरुवातीलाच औषधं बंद करून, देखरेखीखाली हे केलं होतं. ती बातमी वाचून घरी प्रयोग नको.

शुगर असलेल्यांनी आधी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं. किडनी नाजूक असेल तर जास्तीचं प्रोटीन तिला ओझं. अकोला, बुलडाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात (जिथलं भूजल खारं आहे) किडनीचे आजार जास्त दिसतात, म्हणून तिथल्या वाचकांनी शुगर नसली तरी ही तपासणी करावी. आणि गडचिरोली-गोंदियाकडे घरात कोणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर त्यांनी जेवण गाळण्याच्या वाटेला जाऊ नये. उपास आणि पाणी कमी पडणं यातून तीव्र दुखणं उठतं.

फल्लीदाणा

घरचं काहून नाही चालणार ताई, चालतेच! पण सोयाबीनचं कच्चं पीठ अजिबात नको. त्यात प्रोटीन पचू न देणारा घटक असते, तो उष्णतेनेच मरते. रात्रभर भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात 25 मिनिटं खळखळ उकळा, सालं चोळून काढा, उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवा, मंद आचेवर खमंग होईस्तोवर भाजा, मग दळा. वास राहिला तर भाजणं कमी पडलं समजा. यात तेल 20 टक्क्यांच्या आसपास राहते म्हणून पीठ महिन्याच्या वर ठेवू नका, खवट होते. ज्वारीच्या 1 किलो पिठाला 100 ग्रॅम घाला, भाकर थापता येते. जास्त घातलं की कडा फाटतात.

शेकच्या जागी फुटाण्याचं पीठ सगळ्यांत सोपं. सालासकट फुटाणे दळा, 50 ग्रॅम पीठ म्हणजे चार मोठे चमचे गच्च. त्यात लोणी काढलेलं 250 मिली ताक, जिरंपूड, चिमूटभर मीठ, सांबार (कोथिंबीर) बारीक चिरून. पीठ आधी थोड्या ताकात वाटीत घोटून घ्या, मग बाकीचं ताक, नाहीतर गाठी होतात. सोबत दोन उकडलेली अंडी. 26 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, 380 च्या जवळपास कॅलरी, वीस-बावीस रुपयांत. अंड्याचा वार नसेल तर 30 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या उकळून, पिळून, कांद्यावर परतून घ्या, 15 ग्रॅम प्रोटीन त्यातच आहे.

सुटं बेसन किंवा तयार सातूचं पीठ आणू नका. लाखोळीची (खेसारी डाळीची) भेसळ होते, आणि रोज तेच पोटात गेलं तर पायातली ताकद जाते. म्हणून अख्खे फुटाणे आणा. लाखोळीचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा-तिरपा असते, हरभऱ्याला चोच असते. डोळ्यानं ओळखू येते.

फल्लीदाणे (शेंगदाणे) मात्र यात घालू नका, नाव माझं असलं तरी. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, तर 170 कॅलरी. उताराला लागलेलं वजन तिथेच अडते.

आहार_वऱ्हाड

फुटाण्याचं ताक मस्तच, व्हेच्या आधी तेच सुरू करा. पुढे काय होतं ते सांगून ठेवतो.

पहिल्या दहा दिवसांत शौचाला कडक होतं. भाकरी कमी झाल्या, त्यांच्यासोबतचा चोथाही गेला. सालासकट पीठ, दुपारी पालेभाजी आणि दिवसाला तीन लिटर पाणी, वावरात त्याहून जास्त. इसबगोल घेतला तर एक चमचा मोठ्या गिलासभर पाण्यात घालून लगेच प्यायचा, फुगू द्यायचा नाही, नाहीतर घशात अडकतो.

दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागले तर वजन फार वेगाने उतरतंय किंवा लोह कमी आहे. हिमोग्लोबिन पाहा, रात्री अर्धी भाकर परत आणा. आठवड्याला दीड किलोच्या वर सलग उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, म्हणून तेल पूर्ण बंद करू नका, दिवसाला तीन-चार चमचे राहू द्या.

वजन आठवड्यातून एकदाच, सोमवारी सकाळी शौचानंतर, चहाच्या आधी. पाळीच्या आठवड्यातला आकडा धरू नका, अंगात पाणी साठलेलं असतं. कंबर बेंबीच्या रेषेत मोजा. वजन तीन आठवडे हललं नाही आणि कंबरही तीच, तर आधी रात्री 9 नंतर काय तोंडात जातं ते लिहून काढा. ते स्वच्छ असेल तर दुपारच्या दोन भाकरींची दीड करा आणि बेसनातलं तेल चमच्याने मोजा. कार्यप्रसंगी किंवा पंगतीला शेक नको, तिथे बसून वरण, भाजी, एक पोळी खा. शेक पिऊन निघायचं आणि तिथेही ताट घ्यायचं, असं दोन्ही केलं की त्या दिवशीचं गणित उलटं होतं.