मदत हवी आहे: ऐन मेमध्ये साधना केंद्राची साफसफाई. सेवेकरी 14, दिवस 6, पाणी मोजकं (सोलापूर)

माळावरचा
गावाबाहेर माळावर आमचं साधना केंद्र आहे, फेब्रुवारीपासून बंद. मेअखेरीस दहा दिवसांचं मौन शिबिर आहे, 60 साधक येणार. त्याआधी सहा दिवसांत सगळं आवरायचंय. सेवेकरी 14. त्यातले पाच जण साठीच्या पुढचे, चार कॉलेजची पोरं, बाकी नोकरदार, म्हणजे उन्हात कामाची सवय कुणालाच नाही.

जागा अशी: ध्यानाचा हॉल (वर जस्ती पत्रा, खाली शहाबादी फरशी), स्लॅबच्या 20 खोल्या, 10,000 लिटरचा जमिनीखालचा हौद, गच्चीवर 2,000 लिटरच्या दोन सिंटेक्स टाक्या, 12 संडास-न्हाण्या, 8 कूलर. बोअरचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरतं. पिण्याचा टँकर दिवसाआड.

विचारायचं असं की सुरुवात कुठून करावी? हौद धुवायला पाणी किती घालवावं? पत्रा आणि स्लॅब दोन्हीला चुना मारायचा विचार आहे, बरोबर आहे का? आणि फरशीवरचे पांढरे डाग ॲसिडने काढायचे असं ठरलंय.

बाळीवेसकर
ॲसिड आणू नका. फरशीचं कुणीतरी सविस्तर सांगेल, तोवर बाटली दुकानातच राहू द्या.

मी वेळेचं सांगतो. मेमध्ये आपल्याकडे सहाच्या आत उजाडतं. पावणेसहाला हातात झाडू हवा, पावणेदहाला काम बंद. परत संध्याकाळी पाच ते सात. मधल्या वेळात सावलीतली बसून करायची कामं: पंख्याची पाती पुसणं, चादरी मोजणं, उशांचे अभ्रे शिवणं. "एवढी एक गच्ची संपवू आणि जेवू" हे वाक्य साडेअकराला कुणी बोललं तर त्याच्या हातातला खराटा काढून घ्या.

पहिल्या दिवशी सगळ्यांकडून पूर्ण काम घेऊ नका. सवय नसलेल्या माणसाने पहिल्या दिवशी नेहमीच्या पाचव्या हिश्श्याइतकंच उन्हातलं काम करावं, मग रोज तेवढंच वाढवत न्यावं. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तुमच्याकडे सहाच दिवस. म्हणून गच्चीचं काम तिसऱ्या दिवसानंतर ठेवा, आधी हॉल आणि खोल्या.

पाणी तहान लागल्यावर नाही, दर 15-20 मिनिटांनी एक पेला. आपल्याकडची हवा कोरडी, घाम अंगावर दिसतच नाही, जागेवर उडतो. त्यामुळे "मला घामच येत नाहीये" यावर कुणी खूश होऊ नये. जलसंजीवनी घरी करायची तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

साठीपुढच्या पाच जणांत कुणी बीपीची लघवी वाढवणारी गोळी घेतं का, हे आधी विचारा. त्यांना गच्ची नको, कोठीघर द्या. आणि कुणी असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या गेल्या, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घाला, काखेत बर्फ ठेवा, तोवर दुसऱ्याने 108 ला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. कांदा नाकाशी धरत बसू नका.

हौदवाला
सुरुवात हौदापासून. जुनं पाणी फेकू नका, बादलीने काढून खोल्या पुसायला घ्या. तळाला वीतभर राहिलं की मग गाळ.

उतरण्याआधी दोन्ही झाकणं किमान तासभर उघडी ठेवा. आत एक, वर दोन, आतल्याच्या कमरेला दोर. एका वेळी 15 मिनिटांच्या वर आत थांबायचं नाही. दोन चुका नेहमी होतात. एक, गाळ ओढायला विजेचा पंप चालू ठेवून माणूस पाण्यात उतरतो. माणूस आत असताना पिन बोर्डातून काढलेली हवी, नुसतं बटण बंद करून भागत नाही. दुसरी, डिझेल इंजिन झाकणाशेजारी लावतात आणि त्याचा धूर हौदात उतरतो. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो आणि माणूस आतच झोपतो.

आता पाण्याचं. पुस्तकी रीत म्हणजे हौद भरून लिटरमागे 50 मिलिग्रॅम क्लोरीन करायचं. 33 टक्क्यांच्या ब्लीचिंग पावडरने 10,000 लिटरला दीड किलो लागेल आणि टँकरभर पाणी गटारात जाईल. तुम्हाला ते परवडणार नाही. त्याऐवजी भिंती आणि तळ नायलॉनच्या ब्रशने घासा, गाळ काढा, मग 15 लिटरच्या बादलीत 10 ग्रॅम पावडर कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी घ्या. ती निवळ ब्रशने सगळीकडे लावा, अर्धा तास ओली राहू द्या, मग थोड्या पाण्याने धुऊन काढा. पाच-सहा बादल्यांत हौद होतो. हे करताना चष्मा आणि रबरी हातमोजे हवेत. वास डोळ्यांत झोंबला की बाहेर यायचं. सिंटेक्सला आत उतरू नका, लांब दांड्याच्या ब्रशने वरूनच करा.

पावडर ताजी घ्या, तारीख बघून. उघडी पिशवी उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडली असेल तर तिच्यात चुनाच उरलेला असतो.

शिबिर सुरू झाल्यावर दर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे भरलेल्या हौदाला 25 ग्रॅम. अर्ध्या तासाने ओटीचे (क्लोरीन तपासायचे) थेंब नमुन्याच्या पाण्यात टाकून बघा. फिकट पिवळा रंग आला पाहिजे.

शिडी
चुन्याबद्दल. स्लॅबला जरूर मारा, पत्र्याला अजिबात नाही. ओला चुना जस्ताला खातो, आणि पत्रा दिवसा ताणतो, रात्री आवळतो, त्यामुळे पापुद्रे सुटून पहिल्या वळवाला सगळं पन्हाळीत. पत्र्यासाठी बाहेरचा पांढरा ॲक्रिलिक रंग घ्या. तोही आधी धूळ आणि गंज काढून.

स्लॅबसाठी कळीचा चुना. 1 किलोला 5 लिटर पाणी. आदल्या दिवशी विरवायचा, आणि लोखंडी पिंपातच, प्लास्टिकचा टब वितळून बसेल. पाणी आधी, कळी नंतर, थोडी थोडी. उलटं केलं तर उसळून तोंडावर येतो. कळी पडली की आधी काहीच होत नाही, मग खालून खदखद सुरू होते, वाफ येते, खडा फुटून पिठूळ होतो. म्हणून "विझला वाटतं" म्हणून वाकून बघायचं नाही. डोळ्यांत गेला तर भरपूर पाण्याने 15-20 मिनिटं धुवायचं आणि थेट डोळ्यांच्या दवाखान्यात. रात्रभर मुरला की फडक्याने गाळा, ताकासारखा पातळ करा, थोडा डिंक भिजवून घाला.

उन्हाळ्यातली खरी गडबड पुढेच आहे. तापलेल्या स्लॅबवर चुना मारला की पाणी लगेच उडतं. चुना हवा खाऊन घट्ट होतो, पण त्यासाठी त्याला ओल लागते. ती नसेल तर नुसती पूड राहते, हात फिरवला की पांढरा. म्हणून संध्याकाळी पाचनंतर, आधी स्लॅबवर पाणी शिंपडून, पहिला हात पातळ. दुसऱ्या दिवशी उजाडताच पाण्याचा हलका फवारा, संध्याकाळी दुसरा हात. दोन पुरतात, जमलं तर तिसरा. किती लागेल हे अंदाजाने काढू नका. 5 किलोचा घाणा करून किती फूट जातो ते मोजा आणि मग बाकीचा आणा.

माळावरचा
पत्रा वाचला म्हणायचा. फरशीचं राहिलं. आणि संडासाच्या भांड्यांना तरी ॲसिड चालेल ना?

फरशीवाला
शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की फसफसतं, आणि फसफसतो तो डाग नाही, दगड असतो. डाग जातो, पण तिथे खरबरीत फिका चट्टा उरतो आणि पुढची धूळ त्यातच बसते. हीच गोष्ट लिंबू, व्हिनेगर आणि संडास साफ करायच्या निळ्या बाटलीची. फरशीला धुण्याचा सोडा, अर्धी बादली कोमट पाण्याला एक मूठ, ताडाचा ब्रश, मग दोनदा स्वच्छ पाण्याचं फडकं. पांढरा थर जाड असेल तर ओला करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. समईखालच्या तेलाच्या डागावर रांगोळी आणि सोडा पाण्यात कालवून बोटभर जाड थापा, वर ओलं फडकं, सकाळी काढा. जुना डाग असेल तर दोन-तीनदा लागतं.

चिनी मातीच्या भांड्याला ॲसिड चालेल, पण अगदी थोडं आणि दार उघडं ठेवून. त्याच दिवशी त्याच संडासात ब्लीचिंग पावडर टाकायची नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा वायू सुटतो, आणि न्हाणीला खिडकी असते वीतभर. हौदाची उरलेली निवळ बाहेरच्या मोऱ्यांना वापरा, झाडांना घालू नका. नळाच्या जाळ्या आणि शॉवरला लिंबूफूल, लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम, रात्रभर बुडवून.

बाळीवेसकर
गाद्या उचलताना आधी काठीने उलटा, मगच हात घाला. बंद खोलीत तीन महिने पडलेल्या गादीखाली इंगळी असतेच असं धरून चाला. नाग-घोणस दिसली तर दार ओढून घ्या आणि सर्पमित्राला बोलवा. हॉलच्या वळचणीला आग्या मोहोळ असेल तर धूर करू नका, जाणकार माणूस आणा. पारव्यांची विष्ठा कोरडी झाडायची नाही, पाणी मारून, नाकाला फडकं बांधून खरवडा.

कूलरदुरुस्ती
आठ कूलर आहेत तर सगळ्यात आधी अर्थिंग तपासा, गवत नंतर. लोखंडी बॉडी, आत पाणी, ओल्या पायाने साधक बटण लावणार. तीन पिनांची पिन आणि बोर्डाला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच. पाणी भरताना पिन काढलेली असावी.

जड पाण्यात गवतावर मिठासारखा थर बसतो, मग हवा दमट येते पण गार येत नाही. गवत दरवर्षी नवं. टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण सोडा, नुसतं वरून भरत राहिलात तर क्षार साठत जातात. आठवड्यातून एकदा कोरडं करून पुसा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास तिथेच. आणि कूलर चालू असताना हॉलची समोरची एक खिडकी उघडी ठेवा. बंद हॉलमध्ये कूलर म्हणजे वाफारा.

हॉलचे पंखे हळू फिरत असतील तर मोटार बघण्याआधी कंडेन्सर बदला, 2.5 मायक्रोफॅरडचा. पाती पुसायला खाली गादीची खोळ अंथरा, फरशी आधीच झाली असेल तर.